कामातील प्रगती आणि आत्म्याचा हिशेब

मार्च महिना संपत आला की दुकानांत, कचेऱ्यांत, शाळांत आणि कारखान्यांत हिशेबाची लगबग सुरू होते. व्यापारी नफा-तोटा मांडतो, नोकरदार आपल्या वर्षभराच्या कामाचा अहवाल भरतो, शिक्षक निकालाची टक्केवारी काढतो. या सर्व कागदांवर थोड्याफार फरकाने एकच प्रश्न असतो: गेल्या वर्षात तुम्ही किती पुढे गेलात? प्रश्न रास्त आहे. इस्लामने श्रमाला, कौशल्याला आणि हलाल कमाईला मोठा मान दिला आहे. तेव्हा कामात पुढे जाण्याची इच्छा बाळगणे हा काही ईमानातील दोष नव्हे. दुर्बळ श्रद्धावंतापेक्षा सबळ श्रद्धावंत अल्लाहला अधिक प्रिय आहे आणि भलाई मात्र दोघांतही आहे, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. परंतु श्रद्धावंत माणसाला या प्रश्नाला जोडून आणखी एक प्रश्न स्वतःला विचारावा लागतो. पुढे गेलो म्हणजे नेमके कोठे गेलो, आणि जाताना मागे काय टाकले?

एखाद्या वर्षात माणसाचे काम वाढते आणि त्याच वर्षात माणूस लहान होतो, असे घडू शकते. काम थांबलेले असताना माणूस मोठा झाला, असेही घडते. मग वर्षभराची प्रगती मोजायची तरी कशाने? प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

वर्ष कशासाठी मोजायचे?

दिव्य कुरआनच्या सूरह अल-हश्रमध्ये श्रद्धावंतांना सांगितले आहे की त्यांनी अल्लाहचे भय बाळगावे आणि उद्यासाठी आपण पुढे काय पाठविले आहे हे प्रत्येकाने पाहावे. येथील ‘उद्या’ म्हणजे आखिरतचा दिवस. आपला हिशेब घेतला जाण्यापूर्वी आपणच आपला हिशेब घ्यावा, अशी शिकवण हजरत उमर (रजि.) यांच्या नावे सांगितली जाते. या आत्महिशेबाला ‘मुहासबा’ म्हणतात. इस्लामी परंपरेत त्याचे महत्त्व इतके की तिसऱ्या हिजरी शतकातील बगदादचे एक थोर विद्वान हारिस अल-मुहासिबी (रह.) यांना त्यांचे नावच या गुणावरून मिळाले.

वर्ष हे हिशेबाचे माप शरीअतनेही मानले आहे. निसाबाइतकी संपत्ती हाती असताना तिच्यावर एक चांद्र वर्ष पूर्ण झाले की जकात लागू होते. हे वर्ष सुमारे 354 दिवसांचे असते. जो माणूस दरवर्षी केवळ मार्चअखेरीच्या हिशेबाने जकात काढतो आणि हा फरक लक्षात घेत नाही, त्याच्या हातून 33 सौर वर्षांत 34 चांद्र वर्षे निघून गेलेली असतात. म्हणजे एका पूर्ण वर्षाची जकात त्याच्याकडे राहून जाते. त्याला हे कळतही नाही, कारण त्याच्या वहीत सर्व काही जुळलेले असते. माप निराळे घेतले की बरोबर दिसणारा हिशेबही चुकलेला असू शकतो. कामातील प्रगतीच्या बाबतीत हेच लक्षात ठेवले पाहिजे.

आपल्या सनाचा आरंभही विचार करण्याजोगा आहे. हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीत सन ठरविण्याचा प्रश्न आला, तेव्हा गणनेचा आरंभ हिजरतीपासून धरण्यात आला. मक्केच्या विजयापासून तो धरला गेला नाही. हिजरतीच्या वर्षी मुहाजिरांनी काय मिळविले होते? व्यापाऱ्याच्या नजरेने पाहिले तर ते वर्ष निव्वळ तोट्याचे होते. घरे सुटली, चालते धंदे सुटले, माल आणि नातीगोती मक्केत राहिली. तरीही मुस्लिम समाज आपली सर्व वर्षे त्या वर्षापासून मोजतो. ज्या समाजाचे पहिले वर्षच असे आहे, त्याने एखाद्या वर्षाची किंमत केवळ त्या वर्षीच्या मिळकतीवरून ठरवावी, हे सुसंगत ठरत नाही.

बळ आणि अमानत

सूरह अल-कसस मध्ये हजरत मूसा (अ.) यांच्या जीवनातील एक प्रसंग आला आहे. मिसर देशातून निघालेले मूसा (अ.) मदयन येथे पोहोचले. तेथे एका वृद्धाच्या मुलींच्या जनावरांना त्यांनी पाणी पाजले. त्या मुलींपैकी एकीने वडिलांना सुचविले की यांना कामावर ठेवावे, कारण उत्तम सेवक तोच जो बलवानही असतो आणि विश्वासूही. कामासाठी माणूस निवडण्याची याहून नेमकी कसोटी सापडणे कठीण. हजरत यूसुफ (अ.) यांनी मिसरच्या कोठारांची जबाबदारी मागितली, तेव्हा त्यांनीही स्वतःविषयी दोनच गोष्टी सांगितल्या: आपण जपणूक करणारे आहोत आणि जाणकार आहोत. दोन्ही ठिकाणी एका बाजूला कार्यक्षमता आहे आणि दुसऱ्या बाजूला अमानत आहे.

आजच्या कामगिरी अहवालात यांपैकी पहिल्या गोष्टीसाठी अनेक रकाने असतात. नवे संगणकीय कौशल्य शिकलात काय, विक्री किती वाढविली, किती प्रकरणे निकाली काढली. दुसरीसाठी फार तर एखादा रकाना असतो आणि तो भरणारा वरिष्ठ वर्षभर आपल्याजवळ बसलेला नसतो. अमानत ही बहुधा कोणी पाहत नसतानाच कसाला लागते. म्हणून तिचा अहवाल दुसऱ्या कोणालाही पूर्णपणे लिहिता येत नाही. तो माणसाने स्वतःच लिहावयाचा असतो, आणि अल्लाह तो आधीच जाणतो.

यूसुफ (अ.) यांच्या वृत्तांतात सुकाळाच्या सात वर्षांत दुष्काळाच्या सात वर्षांची तरतूद करण्याचा बोध आहे. आपल्या नंदुरबार जिल्ह्याने त्याच धर्तीची एक गोष्ट अलीकडे पाहिली. 2020 साली कोविडची पहिली लाट ओसरू लागली, तेव्हा सर्वत्र सुटकेचा निःश्वास टाकला जात होता. त्या काळात तत्कालीन जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांच्या पुढाकाराने या दुर्गम, आदिवासीबहुल जिल्ह्यात प्राणवायू निर्मितीचे प्रकल्प उभारण्यात आले. 2021 च्या एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेत मोठमोठ्या शहरांत प्राणवायूसाठी धावाधाव सुरू झाली, तेव्हा नंदुरबारच्या या तयारीची देशभर दखल घेतली गेली. सुकाळाच्या महिन्यांत या कामाला कोणी टाळ्या वाजविल्या नव्हत्या. रुग्णसंख्या उतरत असताना त्यावर खर्च का, असेही कोणी विचारू शकले असते. जबाबदारीच्या जाणिवेने केलेल्या कामाचे मोल पुष्कळदा त्या वर्षाच्या कागदावर उमटत नाही. ते पुढच्या वर्षी कोणाच्या तरी श्वासात उमटते.

ओल्या मालाची कसोटी

नंदुरबारची ओळख मिरचीच्या बाजारपेठेमुळे दूरवर पोहोचली आहे. पावसाळा सरला की ओल्या लाल मिरचीची आवक सुरू होते. शहराच्या आसपास मोकळ्या जागेत मिरचीच्या पथारी पसरतात आणि मैलभर अंतरावरूनही तो लाल रंग डोळ्यांत भरतो. ओली मिरची वजनाला जड असते. उन्हात वाळताना तिचे वजन घटते, परंतु टिकाऊपणा आणि किलोमागील मोल वाढते. मध्येच अवकाळी पाऊस आला तर पथारीवरचा माल भिजून काळवंडतो आणि कित्येकांच्या हंगामावर पाणी पडते.

या बाजारात उभे राहिले की प्रेषित (स.) यांच्या जीवनातील एक सुप्रसिद्ध प्रसंग वेगळ्याच निकडीने आठवतो. बाजारात धान्याच्या एका राशीत त्यांनी हात घातला, तर बोटांना ओल लागली. विक्रेत्याने सांगितले की माल पावसात भिजला. पाऊस त्याने पाडला नव्हता आणि त्याचे नुकसानही खरे होते. तरीही प्रेषितांनी (स.) विचारले की मग भिजलेला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाहीस? आणि जो फसवणूक करतो त्याचा आपल्याशी संबंध नाही, असे बजावले. हा प्रसंग सहीह मुस्लिममध्ये आला आहे.

या प्रसंगात एक सूक्ष्म भेद आहे. माल भिजणे हा दोष नाही, ओल झाकणे हा दोष आहे. वर्षभरात जे आपल्या हाती नव्हते त्याबद्दल विचारणा होणार नाही. तोटा, मंदी, आजार, बदली, मालकाचा निर्णय, पाऊस या गोष्टी आपण पाडलेल्या नसतात. परंतु त्या आल्यावर आपण त्यांचे काय केले याबद्दल मात्र विचारणा होईल. म्हणून वार्षिक हिशेबात ‘माझे काय नुकसान झाले’ यापेक्षा ‘ते नुकसान मी कोणाच्या माथी मारले’ हा प्रश्न अधिक गंभीर आहे. सूरह अल-मुतफ्फिफीनमध्ये स्वतः घेताना माप पूर्ण घेणाऱ्या आणि दुसऱ्याला देताना कमी करणाऱ्यांचा धिक्कार आला आहे. ही ताकीद तराजूपुरती नाही. आपला पगार पूर्ण घेणारा आणि कामाचे तास कमी देणारा कर्मचारी त्या आयतीखाली येतो. पूर्ण काम घेऊन मजुरी देताना दिवस मोजण्यात चुका काढणारा मालकही येतो.

पथारीवर मिरचीचे देठ खुडणाऱ्या स्त्रियांच्या हातांची आग दिवसभर शमत नाही. खोकला तर सोबतीलाच असतो. मजुराचा घाम वाळण्यापूर्वी त्याची मजुरी द्यावी ही प्रेषितांची (स.) शिकवण आपण व्याख्यानांतून वारंवार ऐकतो. त्याहून कठोर असा एक हदीसे-कुदसी सहीह बुखारीत आहे. मजुराकडून पुरेपूर काम घेऊन त्याची मजुरी न देणाऱ्याविरुद्ध कयामतच्या दिवशी अल्लाह स्वतः वादी म्हणून उभा राहील, असा त्याचा आशय आहे. येथे कोणा व्यापाऱ्याकडे बोट दाखविण्याचा हेतू नाही. सांगावयाचे ते इतकेच की आपली प्रगती ज्यांच्या श्रमावर उभी आहे त्यांना विचारल्याशिवाय त्या प्रगतीचा हिशेब पूर्ण होत नाही.

ज्यांच्या कामात पायऱ्याच नाहीत

येथे एक आक्षेप संभवतो. आत्मपरीक्षण, व्यक्तिगत विकास ही भाषा खुर्चीवर बसणाऱ्यांची आहे. नंदुरबार जिल्ह्यातून दरवर्षी असंख्य कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेकडे स्थलांतर करतात. त्यांच्या वर्षात बढती नाही, प्रशिक्षण नाही, प्रशस्तिपत्र नाही. ज्याला घरभाडे आणि मुलांची फी यांचीच भ्रांत आहे, त्याला आत्म्याच्या प्रगतीचा उपदेश करणे हे कोरडे पांडित्य नव्हे काय?

आक्षेपात तथ्य आहे आणि त्याचे उत्तर प्रगतीच्या व्याख्येतच शोधले पाहिजे. प्रगती म्हणजे पदोन्नती असे मानले, तर अल्लाहच्या कोट्यवधी दासांच्या वाट्याला ती येणारच नाही. आणि जी गोष्ट थोड्यांनाच शक्य आहे ती माणसाच्या मूल्याची कसोटी असू शकत नाही. मूसा (अ.) यांनी मदयनमध्ये कराराची आठ किंवा दहा वर्षे काढली. इब्ने अब्बास (रजि.) यांच्या सांगण्यानुसार त्यांनी त्यांतील मोठी मुदत पूर्ण केली. दहा वर्षांत त्यांच्या कामाचे नाव बदलले नाही, पहिल्या दिवशी मेंढ्या होत्या आणि शेवटच्या दिवशीही मेंढ्याच होत्या. तरीही तेथून निघालेला माणूस फिरऔनसमोर उभा राहण्याच्या मार्गावर होता. ती दहा वर्षे वाया गेली असे कोण म्हणेल? शब्द पाळणे, थोडक्यात निभावणे आणि मुक्या जीवांची काळजी घेणे ही कामे ज्या जागी होतात, तेथे पायऱ्या नसल्या तरी चढण असते. आपल्या कुटुंबासाठी केलेला खर्च हादेखील सदका आहे, असे प्रेषितांनी (स.) सांगितले आहे. तेव्हा ऊसतोड कामगाराचे वर्ष हिशेबात रिकामे नाही. त्या श्रमाला न्याय्य मोबदला आणि त्याच्या मुलांना शाळा मिळवून देणे हा मात्र आपल्या, म्हणजे उर्वरित समाजाच्या हिशेबातील प्रश्न आहे.

उतरणीचे वर्ष

सर्वांत कठीण हिशेब असतो तो मिळालेले पद गेले त्या वर्षाचा. याचे एक उदाहरण आपल्याच जिल्ह्यातील आहे. मौलाना गुलाम मुहम्मद वस्तानवी (रह.) यांनी सातपुड्याच्या पायथ्याशी अक्कलकुवा येथे जामिया इस्लामिया इशाअतुल उलूम ही संस्था उभी केली. मोजक्या विद्यार्थ्यांनिशी सुरू झालेल्या या संस्थेत पुढे दीनी शिक्षणाबरोबरच आधुनिक आणि तांत्रिक शिक्षणाच्याही शाखा वाढल्या. जालना जिल्ह्यातील बदनापूर येथे वैद्यकीय महाविद्यालयही उभे राहिले. 2011 च्या जानेवारीत त्यांची निवड दारुल उलूम देवबंदच्या मोहतमिमपदी झाली. धार्मिक शिक्षणाच्या क्षेत्रात याहून मोठे पद भारतात क्वचितच असेल. पुढे त्यांच्या काही विधानांवरून वाद उसळला आणि त्याच वर्षीच्या जुलैमध्ये शूराच्या निर्णयानुसार त्यांना ते पद सोडावे लागले.

त्या वादाची उजळणी करण्याचे हे स्थळ नव्हे. त्या वर्षी त्यांच्या अंतःकरणात काय चालले होते हेही अल्लाहच जाणतो. आपण केवळ बाहेरून दिसणारी गोष्ट पाहू शकतो. ते अक्कलकुव्याच्या कामात राहिले आणि मे 2025 मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत त्यांचे नाव त्या कामाशीच जोडलेले राहिले. केवळ पदांच्या हिशेबाने पाहिले तर 2011 हे वर्ष शिखरावर जाऊन उतरण्याचे होते. परंतु ज्या मुलाला त्या वर्षी अक्कलकुव्यात अक्षरओळख झाली, त्याच्या दृष्टीने ते कसले वर्ष होते? पद गेल्यावर जे काम उरते तेच बहुधा माणसाचे खरे काम असते. ज्याच्यापाशी पद गेल्यावर काहीच उरत नाही, त्याने पद असतानाच सावध होणे बरे.

रोज वाढलेच पाहिजे काय?

ज्याचे दोन दिवस सारखे गेले तो तोट्यात गेला, हे वाक्य प्रेरणादायी भाषणांतून हदीस म्हणून पुष्कळदा सांगितले जाते. हदीसतज्ज्ञांनी मात्र ते प्रेषितांचे (स.) वचन म्हणून प्रमाण मानलेले नाही. ही बाब केवळ विद्वानांच्या चर्चेची नाही. हे वाक्य अक्षरशः खरे मानले, तर आजारी माणसाचा, बाळंतिणीचा, वृद्ध आईच्या उशाशी वर्ष काढणाऱ्या मुलीचा प्रत्येक दिवस तोट्याचा ठरेल. आणि धडधाकट माणूसही सतत धापा टाकीत राहील.

प्रमाणित शिकवण अधिक दयाळू आहे. अल्लाहला सर्वांत प्रिय ते कर्म जे सातत्याने केले जाते, मग ते थोडे का असेना. आणि माणूस आजारी पडला किंवा प्रवासात असला, तर निरोगी आणि घरी असताना तो जी सत्कर्मे करीत असे तीच त्याच्या नावे लिहिली जातात. या दोन्ही शिकवणी बुखारीत आल्या आहेत. यांतून निघणारा अर्थ मोठा दिलासा देणारा आहे. जे वर्ष आजारपणाने गिळले त्याची पाने अल्लाहच्या दफ्तरात कोरी नसतात. ती निरोगी वर्षांच्या सवयींनी भरली जातात. म्हणून चांगली सवय हीच माणसाची खरी शिल्लक होय. अर्थात याच शिकवणीत एक इशाराही आहे. निरोगी वर्षात जी सवय लागलीच नाही, ती आजारपणात कोठून लिहिली जाणार?

हिशेब कसा घ्यावा?

इमाम गझाली (रह.) यांनी ‘इह्या उलूमुद्दीन’मध्ये मुहासब्यासाठी व्यापाराचीच उपमा योजली आहे. व्यापारी जसा भागीदाराशी आधी अटी ठरवितो, मग त्याच्या व्यवहारावर लक्ष ठेवतो आणि शेवटी हिशेब मागतो, तसे माणसाने आपल्या नफ्सशी वागावे. म्हणजे हिशेब वर्षअखेरीस एकदम होत नाही. सकाळी अट, दिवसभर लक्ष आणि रात्री झडती असा तो रोजचा क्रम आहे. गझालींनी ही पद्धत स्वतःलाही लावली होती. 1095 साली बगदादच्या निजामिया विद्यापीठात ते कीर्तीच्या शिखरावर होते. आपल्या अध्यापनामागील हेतू तपासला तेव्हा त्यात त्यांना लौकिकाची ओढ दिसली आणि त्यांनी ते पद सोडले. प्रत्येकाने नोकरी सोडावी असा याचा अर्थ नाही. स्वतः गझालीही पुढे पुन्हा अध्यापनाकडे वळले. काम तेच राहू शकते, हेतू बदलावा लागतो.

घरातील सर्वांनी वर्षातून एकदा, मुहर्रमच्या आरंभी किंवा जकातीच्या दिवशी, एकत्र बसून काही प्रश्न विचारावेत. या वर्षी जी मिळकत घरात आली ती कोठून आली आणि कोठे गेली? तिर्मिजीतील एका हदीसनुसार आयुष्य, ज्ञान, संपत्ती आणि शरीर यांविषयी विचारणा झाल्याशिवाय कयामतच्या दिवशी माणसाचे पाऊल हलणार नाही, आणि संपत्तीविषयीची विचारणा या दोन्ही अंगांनी होईल. जे नवे शिकलो त्यातले आचरणात किती उतरले? माझ्या हाताखालचा माणूस माझ्याविषयी घरी जाऊन काय सांगत असेल? कामाने थकलेल्या माझ्या जिभेचा मार वर्षभर कोणी सोसला? शेवटचा प्रश्न पती-पत्नीने आणि मुलांनी एकमेकांना मोकळेपणाने विचारता आला पाहिजे. कचेरीत सौम्य आणि घरात कठोर असलेल्या माणसाची बढती घरातल्यांनी कशी मानावी? आपल्या कुटुंबीयांशी उत्तम वागणारा तोच तुमच्यांत उत्तम, ही प्रेषितांची (स.) कसोटी आहे.

या प्रश्नांची उत्तरे कोणत्याही कचेरीत पाठवावयाची नसतात. त्यामुळे ती खरी देता येतात. उत्तर लाजिरवाणे निघाले तर तौबाचे दार उघडे आहे. कोणाचा हक्क मारला गेला असेल तर नुसती तौबा पुरेशी नाही. तो हक्क परत करणे किंवा त्या माणसाकडून माफी मिळविणे आवश्यक आहे, आणि हे काम या जगातच उरकणे सोपे. तेथे देण्याघेण्याचे चलन निराळे असेल. तेथे दिरहम-दीनार नसतील, सत्कर्मे द्यावी लागतील.

अल्लाह आपल्या कामात बळ आणि अमानत दोन्ही वाढवो, जे वर्ष गेले त्यातील उणिवा माफ करो, आणि जे येत आहे त्यात आपल्यामुळे कोणाच्याही मापात घट होऊ न देवो. आमीन.